वच्छलाबाईंची बाजू

वच्छलाबाई आजारी माणसाच्या घरात शिरल्या की आधी आजारी माणसाकडे बघत नसत. दारात चपला काढायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि सरळ खाटेच्या पायथ्याशी जाऊन चादरीचं टोक उचलून नाकाला लावायचं. मग गादीखाली हात घालून ओल चाचपायची. मोरीतली बादली बघायची. एवढं झालं की त्या उशाकडे येत, आजारी माणसाच्या डोळ्यांत बघून हसत आणि विचारत, "हं, आता सांगा. कसं हाय?"

ब्रह्मपुरीच्या आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. आईला लकवा मारल्याला तीन आठवडे झाले होते. दवाखान्यातून तिला आदल्या दिवशीच घरी आणलं होतं. मी नवी चादर घातली होती, उदबत्ती लावली होती, आणि सगळं नीट केल्याचं समाधान माझ्या चेहऱ्यावर असावं. वच्छलाबाईंनी चादर हुंगली आणि मान वळवून मला म्हणाल्या, "उदबत्ती इझव आन् पानी तापव. बिमाराचं तोंड लबाड बोलते, भाऊ. चादर नाई बोलत."

पहिल्या भेटीतच अरे-तुरे. मी चंद्रपूरच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक, चाळिशीला आलेला, शाळेत सगळे 'सर, सर' करणारे. पण त्यांनी मला शेवटपर्यंत 'भाऊ' आणि 'तू' म्हटलं. आईला मात्र 'मॅडम'. आई तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती, म्हणून.

वच्छलाबाई साठीच्या आसपासच्या. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. एटापल्लीकडच्या एका लहानशा दवाखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. नवऱ्याचं लांबलेलं दुखणंही तिथेच काढलं. तो गेल्यावर त्या ब्रह्मपुरीला भावाकडे आल्या आणि आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहारामागे राहू लागल्या. जंगलातल्या त्या दवाखान्याची आठवण त्या नेहमी काढत. "तिकडं बिमार एकटा येत नाई. त्याचं घर येते संगं. माय, बाप, बह्यन, समदे खाटेखाली झोपतेत. इकडं बिमार एका खोलीत आन् घर दुसऱ्या खोलीत."

हे त्या कोणाला उद्देशून म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही. कळूनही न कळल्यासारखं केलं, हे जास्त खरं.

आईची उजवी बाजू पूर्ण गेली होती. वाचाही गेली. तीस वर्षं वर्गात बोलणाऱ्या बाईजवळ एकच शब्द उरला होता, 'बरं'. तहान लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, मी आलो तरी बरं आणि निघालो तरी बरं. मला ते ऐकवत नसे. वच्छलाबाईंनी मात्र पंधरा दिवसांत त्या एका शब्दाची सगळी बाराखडी शिकून घेतली. "लांब बरं म्हनल्या का पानी. तुटक म्हनल्या का राहू द्या. आन् दोनदा म्हनल्या का कूस बदला." एरवी त्यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागे. पण आईला वास सहन होत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी तो बंद केला आणि दिवसभर तोंडात लवंग धरून राहू लागल्या. त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मलाच एकदा त्यांच्या पदराच्या गाठीत लवंगा दिसल्या.

आठवडाभर आईजवळ वच्छलाबाईच असत; मी शनिवारी संध्याकाळच्या बसने येई आणि सोमवारी पहाटे परत जाई. मधल्या वेळात मी काय करत होतो, तर चित्रं काढत होतो. खाटेपासून चार हातांवर स्टूल टाकून, मांडीवर फळी घेऊन. सुरुवातीला मन रमवायला म्हणून. नंतर माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं शाळेतल्या मुलांना फुलदाण्या काढायला शिकवताना जे हाताला लागलं नव्हतं, ते इथे लागतंय. आईची लोंबणारी ओठांची कड. पांघरुणावर पडलेला निर्जीव हात. आणि वच्छलाबाईंचे हात. भातात वरण कालवणारे, घास बोटांवर तोलणारे, वाटी हनुवटीखाली धरणारे. त्या हातांची मी किती रेखाटनं केली याची गणती नाही.

एका रविवारची सकाळ मला विसरता येत नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि आईच्या पायांवरच्या चादरीला विलक्षण घड्या पडल्या होत्या. मी नुकतीच सुरुवात केली होती. वच्छलाबाईंनी सवयीने गादीखाली हात घातला.

"भाऊ, गादी ओली झाली. जरा उचलू लाग."

"दोन मिनिटं, वच्छलाबाई," मी म्हणालो. "हलवू नका."

त्या कोरडी चादर हातांत घेऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटांची दहा झाली, पंधरा झाली. आई ओल्यात पडून होती. मधे एकदा ती 'बरं' म्हणाली. मी कागदावरून मान वर केली नाही, केली ती फक्त घड्या बघायला. शेवटी मी कोळशाची कांडी खाली ठेवली.

"झालं चितर?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग आता पाय धर."

"माझे हात काळे आहेत."

"कोळशानं कोनी मरत नाई. धर."

आजारपणात आईच्या अंगाला माझे हात लागले असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. त्यातला हा एक. तिच्या घोट्यांवर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले. ते वच्छलाबाईंनी पुसले. ते रेखाटन माझ्या सर्वांत चांगल्या रेखाटनांपैकी एक आहे असं जाणकार म्हणतात. मलाही तसंच वाटतं, आणि म्हणून ते मी कधी भिंतीवर लावलं नाही.

दुपारी आईचा डोळा लागला की वच्छलाबाई माझ्याजवळची चित्रांची पुस्तकं चाळत. शाळेच्या वाचनालयातून मी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. जुन्या परदेशी चित्रकारांनी काढलेली आजारी माणसं, त्यांच्या उशाशी बसलेल्या बायका, डॉक्टर, मेणबत्त्या. आपल्याला यातून काही शिकता येईल, असा माझा विचार. वच्छलाबाई चष्मा लावून एकेक पान बघत आणि त्यांचं बघणं म्हणजे थेट तपासणीच असे. "ह्या बाईनं पोराची मान काऊन सोडली खाली? आखडते ना." "हा डाक्टर नुसता बसूनच हाय वाटते." आणि सगळं पुस्तक बघून झाल्यावर एकच प्रश्न. "भाऊ, एवढे बिमार हायेत, चादरी पाह्य कशा पांढऱ्याफट. बादली एका चितरात नाई. यायच्या चादरी कोन धुते?"

मी पोट धरून हसलो. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये हा किस्सा त्यांच्या बोलीसकट सांगून सगळ्यांना हसवलं. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. कारण चित्रकलेबद्दल इतका नेमका प्रश्न मला कोणत्याच परीक्षकाने विचारलेला नाही.

एक चित्र मात्र त्यांना मनापासून आवडायचं. विहारात लावलेलं. संघातल्या एका भिक्खूला अतिसार झाला, बाकीच्यांनी त्याला त्याच्याच घाणीत टाकून दिलं, आणि तथागतांनी स्वतः त्याला धुतलं, ती गोष्ट. त्या चित्रात तथागत एकटेच, हातात पाण्याचं मडकं. वच्छलाबाई त्याला हात जोडत आणि मग तक्रारही करत. "शिष्य आनंद संगं होता ना. भगवंतानं डोक्शाकडून धरलं, आनंदानं पायाकडून. तसं उचललं. चितरवाल्यानं आनंदाले गायबच केलं. एकट्यानं बिमार उचलत नाई, भाऊ. भगवंतालेई उचलला नसता."

चौदा महिन्यांनी आई गेली. बुधवार होता. मी सातवीच्या वर्गात छायाप्रकाश शिकवत होतो. वच्छलाबाईंचा फोन आला. "भाऊ, मॅडम गेल्या. सकाळी पेज पिल्ली, मले पाहून हासल्या, मंग गेल्या. ये तू." मी मूल, सिंदेवाही अशा गावांहून बस बदलत पोचलो तोवर आईला आंघोळ घातली होती, केस विंचरून बारीक अंबाडा बांधला होता. ती शाळेत जायला निघाल्यासारखी दिसत होती. मी खूप रडलो. वच्छलाबाई रडल्या नाहीत. त्या मागच्या अंगणात गादी उन्हात घालत होत्या.

त्या हिवाळ्यात मी ते मोठं चित्र काढलं. आई खाटेवर, कोणीतरी तिला घास भरवतंय. पहिल्या आराखड्यात वच्छलाबाईच होत्या, त्यांच्या नेहमीच्या जागी, आईच्या डाव्या बाजूला. पण तिथे त्यांच्या पाठीमुळे उजेड अडत होता. म्हणून मी भरवणारी आकृती खिडकीच्या बाजूला नेली, आईच्या उजवीकडे. चित्र एकदम खुललं. मग चेहऱ्याची वेळ आली तेव्हा कळलं की चौदा महिन्यांत वच्छलाबाईंच्या चेहऱ्याचं एकही रेखाटन मी केलेलं नाही. सगळे नुसते हात. ब्रह्मपुरी काही चंद्रपूरपासून फार लांब नाही. जाऊन, त्यांना समोर बसवून चेहरा काढता आला असता. मी भिंतीवरचा आरसा काढून समोर ठेवला आणि स्वतःचा चेहरा काढला. सोय म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. हात तेच ठेवले.

'घास' या नावाने ते चित्र राज्यातल्या एका मोठ्या प्रदर्शनात गेलं आणि पहिलं आलं. लोक त्यापुढे थांबत, डोळे पुसत. आईची नजर चित्राबाहेर, थेट बघणाऱ्याकडे लागलेली आहे, याचं फार कौतुक झालं. एका समीक्षकाने लिहिलं की या मुलाच्या हातांमध्ये आईचे हात उतरले आहेत. एका वार्ताहराने विचारलं, "किती दिवस केली तुम्ही आईची सेवा?" मी म्हणालो, "चौदा महिने." आजारपण चौदा महिन्यांचं होतं. आकडा खोटा नव्हता.

मग चंद्रपूरला माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी वच्छलाबाईंना कळवलं नव्हतं. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर बातमी दाखवली म्हणून त्या आल्या. भर उन्हाच्या, एकट्या, बस बदलत. माझ्याभोवती सात-आठ जण होते. शाळेचे मुख्याध्यापक, गावातले काही कलाप्रेमी, प्रदर्शन भरवणारे गृहस्थ. दारात त्यांनी चपला काढल्या. तिथे कोणीच काढत नव्हतं. आणि अनवाणी त्या 'घास'पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

पाच मिनिटं त्या बघत होत्या. आता त्या म्हणतील, हे हात माझे आहेत. मला वाटतं, त्या तसं म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्या वळून म्हणाल्या, "भाऊ, तू उजव्या बाजूनं चारून राह्यला."

"अं?"

"मॅडमची उजवी बाजू गेली होती ना. त्या बाजूनं घास देल्ला तं तोंडातच राह्यते. ठसका लागते. कधी कधी जीव जाते. म्हून मी डाव्या बाजूले बसो." आवाज अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल इतका. "पाहनाऱ्या लोकाईच्या घरीई बिमार असन कोनी. पाहून तसंच चारतीन."

एवढ्या परीक्षकांना, समीक्षकांना, डॉक्टर प्रेक्षकांना जे दिसलं नव्हतं, ते. आईला एक घास जरी मी भरवला असता, तरी ही चूक माझ्या हातून झाली नसती. चित्रातच माझ्याविरुद्धचा पुरावा होता.

प्रदर्शन भरवणारे गृहस्थ जवळ आले. "सर, या कोण?"

मला आजही ते क्षण मोजता येतात. तोंड उघडून 'हात यांचेच' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणालो, "गावाकडच्या. शेजारी आहेत आमच्या."

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या गृहस्थांना हात जोडून म्हणाल्या, "हो जी. बाजूलेच राह्यतो आमी."

त्यांनी मला वाचवलं. आजारी माणसाने लघवी केली तर पाहुण्यांसमोर त्या अशीच पटकन वरून चादर ओढून घेत.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतं ना टायमावर?"

पुढचे पाच महिने मी ब्रह्मपुरीला गेलो नाही. चित्र दूरच्या शहरातल्या एका दवाखान्याने नेऊन दर्शनी भिंतीवर लावलं. शेवटी दिवाळीनंतर, धान कापणीला आलं होतं तेव्हा, मी त्यांच्या दारात जाऊन बसलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं बोललो. चेहरा, हात, वार्ताहराला दिलेलं उत्तर, 'शेजारी'. त्या निवडत राहिल्या.

"त्याचा मले राग नाई आला, भाऊ," त्या म्हणाल्या. "चितर तुहं हाय. मले घालून मी का जास्तीची होनार होती? पन एका गोष्टीचा आला होता. त्या टायमाले आला होता."

"कशाचा?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "शनवारी, आयतवारी मॅडम पहिला घास माह्या हातचा घेत नव्हत्या. तोंड बंद. तुह्याकडं पाहेत. तू चारशीन म्हून. तू चितर काढत राहे."

ती नजर. शनिवार-रविवारच्या प्रत्येक रेखाटनात आईची नजर माझ्याकडे वळलेली आहे. मला वाटायचं, काय सुंदर पोझ मिळतेय.

"तुम्ही मला हाक का मारली नाही, वच्छलाबाई?"

"हाक माराले लागली का मॅडम म्हनेत, 'बरं.' तुटक. म्हंजे राहू द्या. पोरगा काम करून राह्यला, त्याले उठवू नका." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "मंग मीच म्हनो, मॅडम, थंडं होऊन राह्यलं, घ्या आता. तवा घेत."

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो. निघताना पाया पडलो तर त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "रडू नको. कोनाचं करावं वाटलं तं कर. मेलेल्यायचं करता येत नाई."

चंद्रपूरला परतल्यावर मी त्या दवाखान्याला पत्र लिहिलं. चित्रात भरवणाऱ्या व्यक्तीची बाजू चुकली आहे, आणि ती व्यक्ती मी नाही, तिचं नाव वच्छलाबाई, ते खालच्या पाटीवर लिहावं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. स्वतः जाऊन भेटावं असं ठरवत राहिलो आणि ठरवण्यातच उन्हाळा आला.

मे महिन्यात वच्छलाबाई गेल्या. सकाळचा चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. एवढ्या लोकांचं करणाऱ्या बाईने कोणालाही आपलं पाच मिनिटं करू दिलं नाही. मनात मी कितीदा ठरवलं होतं की त्या अंथरुणाला खिळल्या तर मी रजा काढून येईन. आपल्याला सुटता यावं म्हणून एखाद्याच्या आजारपणाची वाट बघणं, हेही माझ्याकडून झालं.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. माणसं दारापर्यंत भरली होती. त्यांनी ज्यांच्या घरी चादरी धुतल्या ती निम्मी गल्ली तिथे होती. त्रिशरण-पंचशील झालं. मग त्यांच्या भावाने 'चित्रकार सर दोन शब्द बोलतील' असं सांगितलं. मी उभा राहिलो आणि प्रदर्शनातली गोष्ट सांगितली. गाळलं काहीच नाही. आईची नजरही सांगितली. मागून एका बाईच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मला कोणी दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. पुढच्या वक्त्याला बोलावलं गेलं.

मी दाराजवळच्या भिंतीशी जाऊन बसलो. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, पाय सुजलेले, हातात काठी. वच्छलाबाई शेवटचे दोन महिने याच्याकडे जात होत्या, हे मला नंतर कळलं. थोड्या वेळाने तो माझ्या खांद्याला काठी लावून कुजबुजला, "मास्तर, मले बाहेर न्या जी जरा. लघवीले."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे पुढे बघत होते. मी उठून त्याच्या काखेत हात घातला. तो मला वाटला त्यापेक्षा जड होता. पहिल्यांदा उचलताना माझा तोल गेला, तो परत खुर्चीत बसला आणि कण्हला. दुसऱ्यांदा जमलं. विहाराला वळसा घालून आम्ही मागच्या भिंतीपाशी पोचायला बराच वेळ लागला.

भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. पण काही होईना. तो ओशाळला. "टाइम लागते मले," तो म्हणाला. "तुमाले चंद्रपूरची गाडी पकडाची असन."

"नाही, बाबा. होऊ द्या सावकाश," मी म्हणालो, आणि मोकळ्या हाताने त्याचं धोतर वर धरून उभा राहिलो.